चार पावलांचे तीन मीटर

४ जून

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

काल सकाळी सुखरूप पोचले. आमची गठुडी प्रवासभर माझ्या मांडीवर झोपली आणि घराचं कुलूप उघडताच टक्क जागी झाली, त्यामुळे मला पाठ टेकायला मिळाली नाही. तशी ती टेकवतही नव्हती. तुमच्याकडून निघाल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. तिथे असताना बोलले नाही, कारण तुमच्या कानाशी ओरडून सांगितली असती तर तिन्ही मजल्यांना कळली असती. फोनवर तर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही आपल्या सोयीने भरता. म्हणून पत्र.

परवा संध्याकाळी तुम्ही आईला जिन्यावरून खाली नेत होता, तेव्हा मी वर दारात उभी होते. खुब्याच्या ऑपरेशनपासून गेली दोन वर्षं तुम्ही तिला रोज असं हाताला धरून उतरवता आणि चढवता, त्याचं मला फार कौतुक आहे. पण दुसऱ्या वळणावर तुमचा मोकळा हात भिंत चाचपत होता. एका हाताला आई आणि दुसऱ्याला भिंत! बाबा, तुमचा तोल गेला तर दोघंही खाली येणार.

आमच्या दवाखान्यात आम्ही माणसांना चालवतो आणि मोजतो, हे तुम्हाला माहीत आहेच. चार वर्षांच्या पोरापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळे एकाच पट्टीवरून चालतात. वेग किती, पाऊल केवढं, वळताना डगमग किती, ते आम्ही टिपतो. त्यातली एक चाचणी घरी होण्यासारखी आहे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवर आखलेल्या रेघेपर्यंत नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत येऊन बसायचं. वेळ आईने घड्याळावर मोजायची, पावलं तुम्ही. बारा सेकंदांच्या आत झालं तर ठीक. बारा ओलांडले तर पडण्याचा धोका, आणि मग तुम्ही दोघांनी इकडे माझ्या तळमजल्यावर राहायला यायचं. मान्य असेल तर तसं लिहून कळवा.

गठुडीला पंधरा महिने झाले. अजून पाऊल टाकत नाही, बसल्या बसल्या सरकत घरभर हिंडते. मला काळजी नाही. रोज दहा आयांना मीच सांगते की प्रत्येक मुलाची वेळ वेगळी असते.

आईला नमस्कार. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

आपली,
टिल्ली


१३ जून

चि. टिल्लीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पत्र कसलं, नोटीसच ती. बापाला घराबाहेर काढायची नोटीस इतक्या गोड अक्षरात मी पहिल्यांदाच पाहिली. तरीही अट मान्य. मोजणी खात्यात अडतीस वर्षं काढलेला माणूस मोजणीला भीत नाही.

काल चाचणी घेतली. वेळ साडेदहा सेकंद. जाताना पावलं चार, येताना चार. तुझी आई घड्याळ घेऊन अशी उभी होती की जणू मी शर्यतीचा घोडा. घरातली टेप कुठल्याशा खणात आहे म्हणे, पण मला टेप लागत नाही हे तू विसरलीस. माझं पाऊल म्हणजे पाऊण मीटर, ना बोटभर कमी ना बोटभर जास्त. आमचे साहेब मोजणीची साखळी मागवायच्या आधी मला चालवायचे, आणि मागून साखळी लावली की माझाच आकडा यायचा. चार पावलांचे तीन मीटर झाले, खडूने रेघ मारली. तुझ्या आईने ती आज सकाळी फरशीबरोबर पुसून टाकली. पुढच्या महिन्यात पुन्हा मारीन.

भिंतीला हात लावला तो भिंतीचा रंग उडतोय का ते पाहायला. तुझी आई माझा हात सोडत नाही, तिची भीती अजून गेलेली नाही. तिला एकटी कशी सोडू? ह्या घरातून ती निघाली तर जिना सुटेल, जिना सुटला की खालच्या बाकावरच्या तिच्या मैत्रिणी सुटतील, आणि मग ती खाटच धरून बसेल. मला हलवशील, पण तिचं काय, ह्याचा विचार कर.

गठुडीची चिंता सोड. तू स्वतः दीड वर्षाची होईपर्यंत एका जागी बसून हुकूम सोडत होतीस. जावईबापूंना आशीर्वाद. आमच्यावरचा जीव आहे तेवढा राहू दे, जास्त वाढवून आम्हाला उचलून नेऊ नकोस.

तुझा,
बाबा


१८ जुलै

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

जुलैचाही आकडा साडेदहा! पत्र वाचून मी दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं की माझे वडील अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी साठीच्या माणसासारखे चालतात. आमच्याकडचा एक सुतार तुमच्याहून वीस वर्षांनी लहान आहे आणि त्याला बारा लागतात. त्याला तुमचं उदाहरण दिलं, तर तो म्हणाला की तुमचे वडील घड्याळ दुरुस्तीला द्यायचे विसरले असतील.

थट्टा बाजूला ठेवा. आहे ते टिकवायचं तर रोज थोडा सराव हवा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, वीस वेळा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, दहा वेळा. मधल्या बोळात एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत चालायचं, बाजूला भिंत हवीच. मग एका पायावर उभं राहायचं, आणि तेव्हा आईला हसायला बंदी.

इकडे माझं चित्त थाऱ्यावर नाही. काल दवाखाना बंद झाल्यावर गठुडीला आमच्या पट्टीवर उभं केलं. ती बसली. पुन्हा उभं केलं, पुन्हा बसली. अकरा वेळा. शेवटी आमच्या मदतनीस बाईंनी तिला माझ्या हातातून काढून घेतलं. मुलांच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलंय, पाय चांगले आहेत, वाट बघा म्हणतात. वाट बघणं मला येत नाही. घरात मी हिच्या मागे आणि तुमचे जावई माझ्या मागे. ते म्हणतात, तू पोरीकडे बघतेस तेव्हा ती आधी तुझा चेहरा बघते आणि मग खाली बसते. मी त्यांच्यावर चिडले. खरं असावं म्हणूनच चिडले.

तुमचा साडेदहाचा कागद मी टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. एक तरी गोष्ट जागेवर आहे असं वाटतं. आईला खूप खूप नमस्कार. पत्राला उशीर झाला तर प्रेमातून वजा करू नका.

आपली,
टिल्ली


९ ऑगस्ट

चि. टिल्लीस,
अ. उ. आ.

तिसरा आकडा दहा पूर्णांक सहा. पावलं जाताना चार, येताना चार. तुझ्या सुताराला सांग, घड्याळ उत्तम चाललंय.

सराव करतो. टाचा उचलतो तेव्हा ओट्यावरची भांडी माझ्याबरोबर हलतात आणि तुझी आई आतून विचारते की काय पाडलंत. बोळात टाचेला अंगठा लावत चालणं मात्र मला जमत नाही. बोळ अरुंद आहे आणि फरशी कुठेतरी उतरती असावी. पातळीयंत्र लावून बघायला हवं.

आणखी एक गंमत. आपल्या इमारतीपासून कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत बरोबर दोनशे दहा पावलं, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. गेल्या आठवड्यात मोजली तर दोनशे ऐंशी भरली! मी दोनदा मोजली. त्यांनी गुपचूप फाटक पुढे सरकवलंय, हद्दीत अतिक्रमण आहे. तिथल्या रखवालदाराला विचारलं तर तो म्हणतो फाटक वीस वर्षं इथेच आहे. कालचा पोरगा तो, मला सांगणार! नगरपालिकेला अर्ज करणार आहे. कच्चा मसुदा तयार आहे.

पोरीला अकरा वेळा उभी करण्यापेक्षा तू एकदा खाली बस. जावईबापू शहाणे आहेत, हे मी लग्नातच म्हटलं होतं. उत्तर लवकर टाक, वाट बघायला लावणं बरं नव्हे.

तुझा,
बाबा


१२ ऑगस्ट

चि. सौ. टिल्लीस,
अनेक आशीर्वाद.

हे खाली पेपर आणायला गेलेत तेवढ्यात लिहिते. आता त्यांना पाऊण तास लागतो, पूर्वी पंधरा मिनिटं लागायची, म्हणून निवांत लिहायला मिळतं.

तुला आकडे जातात ते बरोबर आहेत, घड्याळ माझ्याच हातात असतं. पण बाई, मला काही ते पटत नाहीत. मला तुझ्यासारखं मोजता येत नाही, मला हाताला कळतं. लोकांना वाटतं हे मला धरून उतरवतात. पहिलं दीड वर्ष तसंच होतं, खोटं नाही बोलणार. पण हिवाळ्यापासून उलटं झालंय. प्रत्येक पायरीवर ह्यांचा भार माझ्या दंडावर येतो. मी म्हणते, हळू चला, माझा खुबा दुखतो. माझा खुबा मुळीच दुखत नाही. तसं म्हटलं की ते थांबतात आणि त्यांना श्वास घ्यायला मिळतो.

ह्यांचं म्हणजे पडलो तरी नाक वर. गेल्या सोमवारी दुसऱ्या वळणावर खरंच पाय सटकला. मी कठड्याला घट्ट धरलं म्हणून दोघं वाचलो. वर आल्यावर मलाच म्हणाले की बघ, मी होतो म्हणून सावरलीस. मी हो म्हटलं. आता मला रोज संध्याकाळी पाच वाजले की पोटात गोळा येतो.

आम्हाला इथून नेऊ नकोस, मला तिथे करमणार नाही. पण ह्यांना पडूही देऊ नकोस. दोन्ही कसं जमवायचं ते तू बघ, तुझं शिक्षण आहे. मी लिहिलं हे सांगू नकोस.

तुझी,
आई


१९ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्याबरोबर लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घ्या. नगरपालिकेला अर्ज पाठवू नका. फाटक हललेलं नाही.

दोनशे दहाची दोनशे ऐंशी झाली, तुम्हीच भागाकार करा. तुमचं पाऊल पाऊण मीटर राहिलेलं नाही, जेमतेम छप्पन सेंटिमीटर भरतंय. आणि तुम्ही दर महिन्याला रेघ कशाने आखता? त्याच पावलाने. म्हणजे पाऊल आखडलं की रेघही जवळ येते. तीन मीटर तुम्ही चाललाच नाहीत. चाललात सव्वादोन. आकडा वाढणार कसा!

तिन्ही महिन्यांत जाताना चार, येताना चार. असं कुणाचंच येत नाही. हे मला पहिल्याच पत्रात दिसायला हवं होतं, मी हेच काम करून पोट भरते. पण मला साडेदहा हवे होते, म्हणून मी कागद काचेखाली ठेवला आणि पुन्हा पाहिला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खणातली टेप काढा. तीन मीटर टेपने मोजा, रेघ रंगाने मारा, पुसता येणार नाही अशी. खरा आकडा कळवा, कितीही असो. आणि तोवर कृपा करून संध्याकाळी खाली उतरू नका. मी शनिवार रविवार जोडून येतेच आहे. मी रागावले आहे, पण त्याहून जास्त घाबरले आहे. तुमच्या लेकीवरची माया तेवढी ह्यात मोजू नका.

आपली,
टिल्ली


२७ ऑगस्ट

चि. टिल्लीस,
अ. उ. आ.

मोजणीत चूक निघाली तर ती मोजणीदाराने स्वतः लिहून द्यायची, असा आमच्या खात्याचा नियम होता. म्हणून लिहून देतो.

टेप काढली. माझी खडूची रेघ दोन मीटर पंचवीस सेंटिमीटरवर होती. टेप खोटी असेल म्हणून शेजाऱ्यांची आणली. तीही तेवढंच म्हणाली. मग खऱ्या तीन मीटरवर चाचणी घेतली. वेळ तेरा पूर्णांक चार. पावलं जाताना सहा, येताना सहा. तुझ्या आईने घड्याळ खाली ठेवलं आणि आत गेली.

मी तुला फसवलं नाही, एवढं मान. मला खरंच माहीत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, तसा मी फरशी, बोळ, फाटक, सगळ्यांची हद्द तपासत बसलो. अडतीस वर्षं लोक माझ्या पावलावर शेताच्या हद्दी ठरवायचे. दोन दिवस मी घरातही चाललो नाही, खुर्चीत बसून होतो. पाऊल टाकायचं म्हटलं की ते केवढं पडेल ह्याचीच भीती वाटायची.

अट मी मान्य केली होती आणि बारा ओलांडले आहेत. तू म्हणशील तेव्हा सामान बांधतो. तुझ्या आईला मात्र तू सांग, माझ्याने होणार नाही. आमची आठवण कमी काढ, म्हणजे काळजी कमी होईल.

तुझा,
बाबा


१६ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडून परतले आणि घरात पाऊल ठेवलं, तर गठुडी समोरून चालत आली. सरकत नाही, चालत. मी तिथे तुमच्या बोळात टेप धरून गुडघ्यांवर बसले होते, त्याच दुपारी ती इथे उठली आणि खिडकीपर्यंत गेली. साडेअठरा महिने डोळ्यांत तेल घालून बसले, आणि पहिलं पाऊल तिच्या बाबांनी पाहिलं. आधी हसले, मग न्हाणीघरात जाऊन रडले.

आता तिथे जे बोलणं अर्धवट राहिलं ते. मी आईचीही चाचणी घेतली म्हणून तुम्हाला राग आला आणि तुम्ही गच्चीत जाऊन बसलात. पण आकडा तुम्ही पाहिलात. आई अकरा पूर्णांक एक, तुम्ही तेरा पूर्णांक चार. दोन वर्षं आपण सगळे तिला अधू समजत आलो आणि चाचणीतही तिच्या हातात फक्त घड्याळ दिलं, तिला कुणी मोजलंच नाही. सावरणारी ती आहे, बाबा. तुम्हालाही ते ठाऊक आहे, नाहीतर इतका राग आला नसता.

तुम्हाला तिथून आणायचं मी तूर्त सोडलंय. जिना सुटला तर आईचे पाय जातील हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण आता माझ्या अटी वेगळ्या आहेत. बारा नाही आले तरी चालेल, आकडा दर महिन्याला खाली यायला हवा, आणि तो टेपवरचा. दुसरं, जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे, भिंतीच्या बाजूलाही हवा. त्यासाठी इमारतीच्या मंडळाकडे अर्ज करा. तोवर खाली उतरायचं ते शेजारचे कुणी बरोबर असतील तेव्हाच. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कठडा बसला नाही, तर मी गाडी घेऊन येईन आणि मग कुणाचंच ऐकणार नाही.

कठोर वाटले तर वाटू दे. तुमच्या शब्दाची मात्र आतुरतेने वाट पाहते.

आपली,
टिल्ली


३ नोव्हेंबर

चि. टिल्लीस,
अ. उ. आ.

आकडा आधी देतो. सप्टेंबरअखेर तेरा, काल बारा पूर्णांक चार. रेघ हिरव्या रंगाची, टेप शेजाऱ्यांची. पावलं जाताना पाच, येताना पाच. तुझी आई म्हणाली होती की सरळ बारा लिहा, पोरीला बरं वाटेल. मी नाही लिहिले.

कठडा मंगळवारी बसला. आता तो कसा बसला ते वाच. अर्ज मी महिन्यापूर्वीच केला होता, सुवाच्य अक्षरात, पत्नीच्या खुब्याच्या सोयीसाठी म्हणून. तुला तो दाखवला नाही. गेल्या रविवारी खालच्या खोलीत सभा भरली. चिटणीसांनी अर्ज वाचला आणि सगळे माझं कौतुक करायला लागले. मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने करत होते. एक बाई म्हणाल्या की नवरा असावा तर असा. मग सगळे तुझ्या आईकडे वळून बघू लागले, आजारी माणसाकडे बघतात तसे. कुणीतरी तिला खुर्ची पुढे केली. ती माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. माझं कौतुक तिने होऊ दिलं. मला ओळखते ना ती. मी पडू नये म्हणून इतके महिने तिने खोटं दुखणं अंगावर घेतलं. हे तिने मला कधी सांगितलं नाही. पण गेले काही दिवस खुबा दुखतो म्हणायचं ती विसरते, आणि मी थांबलो की तीही थांबते. मी काही अगदीच खुळा नाही.

मला ते बसून ऐकवेना. उठलो आणि सांगितलं की अर्जातलं कारण चुकीचं आहे, ते दुरुस्त करून घ्या. तोल माझा जातो, हिचा नाही. वर्ष होत आलं, ही मला धरून उतरवते आहे आणि मी तुम्हाला उलटं दाखवतो आहे. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. तुझी आई म्हणते, रस्त्यावर ऐकू गेलं. अर्जावर मीच खोडून माझं नाव घातलं आणि बाजूला सही केली. मग मंजुरी मिळाली. वर येताना तुझ्या टाचा आणि अंगठे सगळं विसरलो होतो.

काल संध्याकाळी नव्या कठड्याने पहिल्यांदा उतरलो. तिच्या बाजूला जुना, माझ्या बाजूला नवा. आता एकमेकांना धरायचं कारण नव्हतं. दुसऱ्या वळणापर्यंत छान आलो. तिथे माझी पावलं थांबली. मागे पोरं खेळत होती, खालून इस्त्रीवाला वर येत होता, आणि मी तिला सांगितलं की मला भीती वाटते, हात दे. शेहेचाळीस वर्षांत हे मी तिला कधी म्हटलं नव्हतं. तिने हात दिला आणि म्हणाली, पाच वाजले की माझ्या पोटात रोज गोळा येतो, आज आला नाही.

गाडी आणू नकोस. नुसती ये, पोरीला घेऊन. आम्हा दोघांवर जीव असू दे.

तुझा,
बाबा